जांभ्याच्या सड्यावरचा रेकॉर्डर : नोंद तिसरी

आंबोलीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट कातळावर, भेकांच्या हाका आपोआप टिपणारा रेकॉर्डर मी बनवतो आहे. मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की ७ जूनला मृग लागला की तो रोज संध्याकाळी सातला जागा होईल. ती आखणी आता रद्द केली आहे. आंबोलीचा भेक कॅलेंडर पाहून हाका मारत नाही. वळवाची एक दमदार सर झाली आणि जांभ्याच्या कातळावरचे खळगे भरले की त्याचा मोसम उघडतो, आणि तो मोसम थोड्या दिवसांचाच असतो. गेल्या वर्षी मी पोचलो तेव्हा डबक्यांत अंडीच होती, हाका संपल्या होत्या. ज्यांच्या काजूच्या बागेत मी तंबू टाकतो त्या काकींनी तेव्हाच सांगितलं होतं, "झिला, पाऊस इलो की तेंका कोणी सांगूक लागणा नाय." मग रेकॉर्डरलाही पावसानंच उठवायचं ठरवलं.

नव्यांसाठी थोडक्यात: हा छोटा भेक (झँथोफ्राइन टायगरिना) शास्त्राला २००९ साली नव्यानं कळला. कुशीवर वाघासारखे पट्टे, म्हणून हे नाव. त्याचा अधिवास आंबोलीच्या आसपासच्या चिमूटभर प्रदेशातच आहे, आणि तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. म्हणून डबक्याची नेमकी जागा मी इथे देणार नाही. सडा काकींच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या, भावकीचा आहे, परवानगी त्यांची घेतली आहे. वनखात्याच्या हद्दीत मी तंबूही टाकत नाही आणि यंत्रही ठेवत नाही.

आता पाऊसमापक. बाजारातली पाऊस ओळखणारी पट्टी आधी लावली होती, पण सतत विजेखाली भिजून तिचे तांब्याचे पट्टे काळे पडले आणि खाल्ले गेले. त्याऐवजी झुलती पळी बनवली. ११ सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्यातून पाणी दोन कप्प्यांच्या पळीत पडतं. एक कप्पा भरला की पळी कलंडते आणि दुसरा कप्पा धारेखाली येतो. कलंडताना तिला चिकटवलेलं चुंबक रीड स्विचसमोरून (चुंबक जवळ आलं की जुळणारा स्विच) जातं, आणि तो स्विच गाढ झोपेतल्या ईएसपी३२ ला, म्हणजे रेकॉर्डर चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपला, उठवतो. नरसाळ्याचं तोंड ९५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला साडेनऊ मिलिलिटर पाणी. इंजेक्शनच्या सिरिंजनं थेंब थेंब सोडत, खालचे स्क्रू फिरवत, एक कलंडणं अर्ध्या मिलिमीटरवर आणलं. या कामात दोन रविवार गेले, पण पळी टकटक करत बसायला लागली तेव्हाचा आनंद वेगळाच.

पहिल्या कलंडण्यापासून पुढचे ३६ तास, दर १५ मिनिटांनी २ मिनिटं ध्वनिमुद्रण. मायक्रोफोन तोच, आयएनएमपी४४१. वेळ डीएस३२३१ घड्याळाकडून.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका टिकटिकीनं. मागच्या खेपेच्या फायलींत बारीक "टिक् टिक्" ऐकू येत होतं, आणि मी ते खुशाल झुडपी बेडकाच्या खात्यात टाकलं होतं. या बेडकाचा, म्हणजे बॉम्बे बुश फ्रॉगचा, आवाज तसाच टंकलेखन यंत्रासारखा आहे. ऑडॅसिटी या ध्वनी-प्रोग्राममध्ये वर्णपट (खाली खर्ज, वर तीव्र स्वर दाखवणारं आवाजाचं चित्र) उघडून पाहिला तेव्हा शंका आली. बेडकाची टिक् एका ठरावीक पट्ट्यात ठिपक्यासारखी दिसते. या रेघा मात्र तळापासून माथ्यापर्यंत सरळ उभ्या होत्या. असं झुडपी बेडूक ओरडत नाही. दोष मेमरी कार्डाचा होता. रेकॉर्डर आवाजाची मोजणी करतो ती सेकंदाला १६,००० वेळा; एवढे नमुने, प्रत्येकी २ बाइट, म्हणजे सेकंदाला ३२ हजार बाइट. माझा बफर (कार्डावर जाण्याआधी नमुने थांबतात ती तात्पुरती जागा) ४ किलोबाइटचा, जेमतेम आठवा भाग सेकंद पुरणारा. कार्ड लिहिताना मध्येच पाव सेकंद अडलं की बफरात न मावलेले नमुने सांडत आणि जोडाच्या जागी टिक् उमटे. आता बफर ६४ किलोबाइटचा केला. ऐकण्याचं काम चिपच्या एका कोअरवर (स्वतंत्र काम करणारा भाग) आणि लिहिण्याचं दुसऱ्यावर टाकलं. रेघा गेल्या. जुन्या वहीतल्या झुडपी बेडकाच्या ११ नोंदी मी खोडल्या आहेत. माझ्यासारखीच जोडणी वापरत असाल तर तुमच्या फायलीही एकदा डोळ्यांनी पाहा, नुसत्या कानावर जाऊ नका.

वीज: झोपेतही बोर्ड ९ मिलिअँपिअर खात होता. लाल दिवा आणि बोर्डावरचा विजेचा दाब स्थिर ठेवणारा १११७ रेग्युलेटर काढून कमी खाणारा लावला, तेव्हा आकडा एक मिलिअँपिअरच्या आत आला.

डब्यावर थेंब पडले की ढोल वाजल्यासारखं होतं. झाकणावर काथ्याचा जाड थर बांधला, मायक्रोफोनचं भोक खाली केलं. त्यानं बराच फरक पडला.

मे अखेरीस तीन रात्री राहिलो. पहिली रात्र कोरडी, नुसती वीज चमकत होती. दुसऱ्या दिवशी वळीव आला. मी तंबूची ताडपत्री धरून उभा होतो आणि मनात पळी मोजत होतो. पहिलं कलंडणं १७:५२. तासाभरात २३ मिलिमीटर. १९:२२ च्या फायलीत पहिली हाक आहे, एकट्या नराची. २०:०७ ला किती आहेत ते मोजता येत नाही. हेडफोन लावून मी ती फाईल तंबूत काकांना ऐकवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "ह्यो आमच्या सड्याचोच आवाज."

तिसऱ्या सकाळी डबक्यात अंडी होती आणि पाणी स्टीलच्या पट्टीनं ४ सेंटिमीटर भरलं. पुढे ऊन राहिलं तर इतकं पाणी किती टिकेल, ते मला मोजायचं आहे. म्हणून चौथ्या टप्प्यात डबक्यावर खोली मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर येईल. तो ४० किलोहर्ट्झवर, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीवर, चालतो, पण प्रत्येक मोजणीला आपल्या कानालाही हलकी टक् ऐकू येते. ती भेकांच्या हाकांमध्ये घुसायला नको. आधी घरी परातीत पाणी घेऊन, शेजारी हाच रेकॉर्डर ठेवून, ती टक् किती उमटते ते बघतो. सड्यावर नेणं त्यानंतरच.