बालवाडीचं अंगण आखण्याआधी पाऊस पाहा

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्यामुळे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी माती, वाळू, झाडं असलेलं अंगण करायचं असेल, तर एका मोठ्या पावसात तिथे उभं राहावं. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठून बाहेर पडतं ते पाहून खुंट्या ठोकाव्यात. घसरगुंडीची खरेदी नंतर, आणि माझ्या मते बहुतेक ठिकाणी तिची गरजही नसते.

सगळ्यात जास्त चुका वाळूच्या हौदात होतात. जमिनीत खड्डा खणून केलेला हौद पावसाळ्यात डबकं होतो, कारण खालची माती पायांनी चेपून घट्ट होते आणि पाणी मुरत नाही. हौद जमिनीच्या वर बांधावा. आतून अडीच मीटर लांब-रुंद जागेभोवती चिऱ्यांचे, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचे, दोन थर रचले की सुमारे ३५ सेंटीमीटर उंची मिळते आणि मुलांना बसायला कट्टाही होतो. चिऱ्याच्या धारेवर गुडघे सोलतात, म्हणून वरच्या कडा तासून गोल कराव्यात आणि गुळगुळीत गिलावा द्यावा. खालच्या थरात जागोजागी बोटभर फटी सोडून त्यांना आतून बारीक जाळी लावावी. तळाला १० सेंटीमीटर खडी, तिच्यावर पाणी जाऊ देणारं पण वाळू अडवणारं जिओटेक्स्टाइल कापड, मग २५ सेंटीमीटर वाळू. म्हणजे साधारण दीड घनमीटर, अर्ध्या ब्रासहून (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) थोडी जास्त. गोणपाट घालू नये, तो कुजतो आणि वाळू खडीत उतरते.

वाळू धुतलेली नदीची हवी, पावती देणाऱ्या विक्रेत्याकडूनच. किनाऱ्यावरून उचलू नये. ती खारट असते आणि उचलायला बंदीही आहे. दगड फोडून केलेली क्रशरची वाळू टोकदार असते, तिची धूळ उडते. मांजरं हौदात घाण करतात, त्यामुळे संध्याकाळी झाकण हवंच. पण ताडपत्री सपाट टाकली तर तिच्यावर पाणी साचून डास होतात. मधोमध आडवा बांबू टेकवून दोन्ही बाजूंना उतार द्यावा.

मुलांना चढा-उतरायला मातीचं टेकाड करायचं तर ते एक मीटरहून उंच नको. गोल पायथा सहा मीटर रुंद धरला तर साडेनऊ घनमीटर माती लागते, आणि ती दबून बसते म्हणून थोडी जास्तच मागवावी. एकदम ओतू नये: वीस-वीस सेंटीमीटरचे थर, प्रत्येकावर पाणी मारून धुमसणं. काम ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर करावं. लगेच हरळी लावून उन्हाळाभर पाणी दिलं तर जूनपर्यंत मुळं माती धरतात. मे महिन्यात केलेलं टेकाड पहिल्याच सरींत गटारात जातं.

चिखलाच्या स्वयंपाकघराला, म्हणजे चिखलाची भातुकली खेळायच्या कोपऱ्याला, फार काही लागत नाही. ४५ सेंटीमीटर उंचीची फळी, करवंट्या, जुने तांबे, नारळाची सोडणं. पाणी नळाने सोडू नये. बादलीभर द्यावं, संपलं की संपलं. खेळ आटोपल्यावर सगळी भांडी उपडी करावीत. पाच सेंटीमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

चिखल म्हटलं की काही पालक नाराज होतात. माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला खेळतात, त्याची आठवण त्यांना जरूर करून द्यावी. पण उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती खरी आहे. म्हणून साचलेल्या डबक्यात खेळ नको, पायाला जखम असलेलं मूल त्या दिवशी चिखलात नको, आणि खेळ झाल्यावर साबणाने हातपाय धुणं चुकवू नये.

सावलीला आंबा उत्तम, चढायला पेरू. शेवगा आणि जांभूळ यांच्या फांद्या कडकन मोडतात. माडाखाली काहीच मांडू नये. माड अंगणात असेलच तर पाडेलीकडून नारळ आणि सुकी चुडतं (झावळ्या) वेळच्या वेळी उतरवून घ्यावीत. काजूच्या कच्च्या बियांच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं, तेव्हा हंगामात झाडाखाली रोज सकाळी झाडलोट हवी. कण्हेर, बिट्टी, गुंज, एरंड आणि धोतरा विषारी, ते मुळासकट काढावेत.

उरलेले चिरे कोपऱ्यात रचून ठेवायचा मोह होतो. तो ढीग त्याच आठवड्यात हलवावा, कारण अशा फटींत फुरसं हा विषारी साप राहतो.