पुस्तक खरंच शेवटपर्यंत वाचता का?

नागपूरच्या झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघातला एखादा कार्यक्रम आटोपला की चहाच्या वेळी कुणीतरी विचारतंच, "ताई, परीक्षणाला एवढी पुस्तकं येतात तुमच्याकडे. सगळी शेवटपर्यंत वाचता, की प्रस्तावना आणि मलपृष्ठ पाहून लिहिता?" विचारणाऱ्यांत पहिलाच संग्रह आलेले कवी जास्त असतात. आपल्याकडे कवितासंग्रहाच्या तीनशे-पाचशे प्रती निघतात, छपाईचा खर्चही पुष्कळदा कवीच्याच खिशातून जातो. त्यामुळे या प्रश्नामागची धाकधूक मला कळते.

ज्यावर लिहिते ते पुस्तक मी शेवटच्या पानापर्यंत वाचते. का, ते कळावं म्हणून गेल्या ऑक्टोबरचं सांगते.

त्या महिन्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसाला एका कवितासंग्रहाच्या प्रकाशन समारंभाला जायचं होतं. नागभीडकडे जाणारी नॅरोगेज रेल्वे २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, तेव्हापासून त्या बाजूला मी बसनेच जाते. नॅरोगेजच्या संथ चालीत वाचन फार छान व्हायचं, बसच्या हिसक्यांत अक्षरं नाचतात. भिवापूरच्या अलीकडे बस बंद पडली. दुसरी बस येईपर्यंत रस्त्याकडेच्या टपरीवर बसून मी काटोलकडच्या संत्र्याच्या बगीच्यावरची एक कादंबरी काढली. तिचं परीक्षण दोन दिवसांत द्यायचं होतं.

कादंबरी पकड घेणारी होती. नवरा गेल्यावर बगीचा एकटीने सांभाळणारी बाई, आंबिया बहराची फळगळ, फळ झाडावर असतानाच उक्ता सौदा करायला येणारे व्यापारी. आणि ९६व्या पानानंतर पुन्हा ८१वं पान आलं! सोळा पानांचा एक फर्मा दोनदा बांधला गेला होता आणि त्यापुढचा, ९७ ते ११२, गायब. ११३व्या पानावर बाईने बगीचा विकलेला आहे आणि ती नागपूरला बहिणीच्या घरी भांडी घासते आहे.

वडसाला पोचले तोवर समारंभ संपून सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं. कवी मात्र थांबला होता. त्याने रस्त्यातच आपल्या चार कविता वाचून दाखवल्या. झाडीबोलीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या बोलीतल्या, त्या ओळी त्याच्या तोंडून ऐकल्याचा मला पुढे लिहिताना फार उपयोग झाला.

कादंबरीचा पेच तसाच होता. प्रकाशकाकडून दुसरी प्रत यायला आठवडा लागणार होता. पुरवणीच्या संपादकांचं म्हणणं, सहाशे शब्दांच्या मजकुरात सोळा पानं कोण शोधणार? मला ते पटलं नाही. लेखकाला फोन केला. त्या भल्या माणसाने आपल्या प्रतीतल्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले, ते रात्री वाचले. त्या सोळा पानांत विहीर आटते, दिराशी वाटणीचा वाद तलाठ्याच्या दारी जातो आणि बाई एका दुपारी स्वतः कुऱ्हाड घेऊन दोन वाळकी झाडं पाडते. कादंबरीतलं सगळ्यांत बळकट लेखन तिथेच होतं. ती पानं न वाचता लिहिलं असतं, तर 'नायिकेचा निर्णय अचानक वाटतो' असं वाक्य छापून आलं असतं, आणि लेखकाला ते आयुष्यभर बोचलं असतं.

पण मला लेखकाहून जास्त काळजी वाचकाची वाटते. त्याच महिन्यात धम्मचक्र प्रवर्तन दिन होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्या दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांची दुकानं लागतात, आणि मी दरवर्षी तिथे जाते. मराठी माणूस पुस्तक विकत घेत नाही, असं म्हणणाऱ्याने तिथे एकदा उभं राहावं. रात्रभर प्रवास करून आलेली माणसं मुलांना सोबत घेऊन पुस्तकं निवडतात, पिशव्या भरभरून नेतात. एका बाईने माझ्या हातातलं चरित्र पाहून विचारलं, "ताई, माह्या पोरीले हे समजन काय? नववीत हाये." दोनशे रुपयांचं पुस्तक होतं. मी ते वाचलेलं होतं, म्हणून सांगू शकले: भाषा सोपी आहे, मधली दोन प्रकरणं तिला जड जातील, ती तिच्यासोबत बसून कुणीतरी वाचा. तिने घेतलं.

परीक्षण मी तिच्यासाठी लिहिते. माझ्या शब्दावर कुणाच्या तरी मजुरीतले दोनशे रुपये खर्च होणार असतील, तर मधली पानं गाळायचा मला अधिकार नाही.

याचा एक परिणाम तुम्हाला आवडणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या पुस्तकांपैकी मोजक्यांवरच लिहून होतं. जे अर्ध्यावर सुटतं, ते मी संपादकांना परत करते आणि दुसऱ्या कुणाला द्या म्हणते. तुमचा संग्रह पाठवून तीन महिने झाले असतील आणि काहीच छापून आलं नसेल, तर सरळ फोन करा. वाचून झाला आहे की नाही, ते मी खरं सांगेन.