तुम्ही विचारलंत म्हणून: पॉइंट्सवर काढलेलं विमानाचं तिकीट रद्द करावं लागलं तर?

"पॉइंट्सवर तिकीट काढलं आणि जाणंच रहित झालं, तर पॉइंट्स परत मिळतात का हो? आणि कापून किती घेतात?"

सोसायटीच्या लिफ्टमध्ये, ठाण्यात उपवन तलावावर सकाळच्या फेरीत, लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या रांगेत, हा प्रश्न मला ठरलेला आहे. ऐरोलीतल्या एका कंपनीत लोकांच्या प्रवासाची तिकिटं बघणं हे माझं काम, म्हणून विचारतात. विचारणारे बहुधा पन्नाशी-साठीतले असतात. मुलगा किंवा मुलगी परदेशात, क्रेडिट कार्डावर वर्षानुवर्षांच्या किराण्याचे, विजेच्या बिलांचे, शाळेच्या फियांचे पॉइंट्स साठलेले, आणि जायची तारीख अजून नक्की नाही. म्हणून मला हा प्रश्न किरकोळ वाटत नाही. घरातल्या माणसांनी थोडं थोडं करून जमवलेलं काहीतरी त्यात अडकलेलं असतं.

थोडक्यात उत्तर असं की बहुतेक वेळा पॉइंट्स परत मिळतात, फी भरून. पण नुसतं एवढं सांगून मी कुणाला सोडत नाही. लोक फीला घाबरतात, आणि नुकसान होतं ते दुसऱ्याच जागी.

आधी फीबद्दल. ती विमान कंपनीच्या प्रत्येक पॉइंट्स-योजनेत वेगळी असते आणि एकाच योजनेत तिकिटाच्या प्रकाराप्रमाणेही बदलते. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या योजनेचं उदाहरण घेते, कारण आपल्याकडच्या बऱ्याच बँकांच्या कार्डांवरून पॉइंट्स तिकडे पाठवता येतात आणि ठाण्यातली पुष्कळ मंडळी ती वाट धरतात. तिथे सेव्हर नावाचं स्वस्त तिकीट रद्द करायला माणशी 75 अमेरिकन डॉलर पडतात, तारीख बदलायला 25. अ‍ॅडव्हांटेज नावाच्या महाग तिकिटाला रद्द करायचे 50, तारीख बदलणं फुकट. आणि अधूनमधून कमी माइल्समध्ये (माइल्स म्हणजे विमान कंपनीकडचे पॉइंट्स) जी सवलतीची तिकिटं निघतात, ती रद्दही होत नाहीत आणि बदलतही नाहीत. ब्रिटिश एअरवेजमध्ये एविओसवर, म्हणजे त्यांच्या पॉइंट्सवर, काढलेलं तिकीट सुटण्याच्या 24 तास आधीपर्यंत माणशी 35 पाउंडांत रद्द करता येण्याची पद्धत वर्षानुवर्षं आहे. अमेरिकन एअरलाइन्स एके काळी माइल्स खात्यात परत टाकायचे 150 डॉलर घ्यायची. कोरोनाच्या साथीत, 2020 मध्ये, तिने ती फी काढून टाकली. युनायटेडनेही त्याच वर्षी तेच केलं. हे आकडे बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी शेवटच्या पानावर 'रद्द केल्यास' या ओळीखाली काय लिहिलंय ते वाचायचं आणि त्याचा फोटो काढून ठेवायचा. आमच्या ऑफिसात हा शिरस्ता आहे आणि घरीही तो पाळावा असं माझं मत आहे.

ही फी असते तरी कशाला? विमान कंपनी प्रत्येक विमानात पॉइंट्ससाठी थोड्याच जागा मोकळ्या ठेवते. रद्द करणं अगदी फुकट असेल तर लोक दिवाळीच्या चार वेगवेगळ्या तारखांच्या जागा धरून ठेवतील आणि तीन शेवटच्या आठवड्यात सोडून देतील. तोवर ज्याला खरंच जायचं होतं त्याची जागा गेलेली असते. माझ्या लेखी माणशी ठरावीक रक्कम घेणं हा त्यातल्या त्यात न्याय्य मार्ग आहे.

ठरावीक रक्कम, हा भाग मात्र नीट लक्षात घ्या. फी बिझनेस क्लासला आणि इकॉनॉमीला बहुधा सारखीच असते, लांबच्या प्रवासाला आणि जवळच्यालाही. म्हणजे लंडनच्या बिझनेस क्लासच्या तिकिटाला ती नगण्य, आणि तासाभराच्या प्रवासाच्या तिकिटाला जड. 75 डॉलर म्हणजे आजच्या भावाने साडेसहा हजारांच्या आसपास. चौघांचं कुटुंब असेल तर तीच रक्कम पंचवीस हजारांच्या पुढे जाते. अशा वेळी हिशोब करावा लागतो: परत मिळणाऱ्या पॉइंट्सची आणि करांची किंमत फीपेक्षा जास्त आहे का? कधीकधी नसते.

करांचं वेगळं सांगायला हवं, कारण ते लोकांच्या ध्यानातच येत नाहीत. पॉइंट्सच्या तिकिटावरही विमानतळाचे आकार आणि सरकारी कर आपण रोख भरलेले असतात, काही कंपन्या वर इंधन अधिभारही लावतात, आणि परदेशच्या तिकिटावर ही रक्कम हजारोंत जाते. प्रवास झाला नाही तर ती मागायची. आपल्या डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम तर स्पष्ट आहे: मूळ भाडं परत न मिळणारं असलं, सवलतीचं असलं, तरी कर आणि विमानतळाचे आकार प्रवाशाला परत द्यायचे. "पॉइंट्सचंच तर तिकीट होतं, जाऊ दे" म्हणून हे पैसे सोडून देणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं.

आता माझं मुख्य म्हणणं. लोक पॉइंट्स वापरतात ते ज्या सहलीची तारीख पक्की असते तिच्यासाठी, आणि जिथे काहीच नक्की नसतं तिथे रोख पैशांचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढतात. माझ्या मते हे उलट असायला हवं. स्वस्त रोख तिकीट रद्द केलं की बहुतेक वेळा कर सोडून काही हाती लागत नाही. रेल्वेचं तत्काळचं कन्फर्म तिकीट रद्द केलं तर पैसे मिळत नाहीत हे आपल्याला पाठ असतं, विमानाच्या स्वस्त तिकिटाचं तसंच असतं हे मात्र आपण विसरतो. पॉइंट्सच्या तिकिटाचा तोटा आधीच माहीत असतो: एवढी फी, बहुधा त्यापलीकडे नाही. म्हणून लेकीच्या बाळंतपणाला जायचंय आणि तारीख डॉक्टरही सांगू शकत नाहीत, किंवा व्हिसा अजून हातात नाही, किंवा घरी सासूबाईंची तब्येत वरखाली होतेय, अशा प्रवासाला पॉइंट्स काढा. नक्की तारखेच्या लग्नाला रोख तिकीट घ्या. व्हिसा नाकारला म्हणून कंपनी फी माफ करेल अशी आशा कुणी धरू नये, ते कारण सहसा चालत नाही. पण 75 डॉलर गेले आणि बाकी सगळं परत आलं, हे व्हिसा नाकारलेल्या घरासाठी लहान सुख नाही.

पाचपाखाडीतल्या एक काकू अशाच सिंगापूरला निघाल्या होत्या. मुलीची तारीख पुढेमागे होत होती. तिकीट काकांच्या खात्यातल्या माइल्सवर काढलेलं, काकू त्या खात्यात नॉमिनी, म्हणजे त्या माइल्सवर ज्यांचं तिकीट काढता येतं अशा. त्यांचा प्रश्न साधा होता: "रद्द करून नवीन काढू, की तारीख बदलून घेऊ?" मी म्हटलं, "काकू, रद्दच्या बटणाला हात लावू नका. आधी नव्या तारखेला सेव्हरची जागा आहे का ते बघू." कारण रद्द केलं की हातातली जागा गेली, माइल्स खात्यात येईपर्यंत नवी धरता येत नाही, आणि तेवढ्यात ती दुसऱ्याने घेतली तर दोन्हीकडून गेलं. तारीख बदलताना जुनी जागा नवी मिळेपर्यंत आपलीच राहते. शिवाय 75 च्या जागी 25. त्यांना हव्या त्या दिवशी जागा नव्हती, अलीकडच्या दिवशी होती, ती घेतली. काकू थोड्या लवकर पोचल्या आणि बाळही लवकरच आलं. आणखी एक: हे सगळं काकांच्या लॉगिनमधूनच करावं लागलं. खातं ज्याचं, बदल त्याने करायचा आणि माइल्स परत त्याच्याच खात्यात. म्हणून प्रवासाला निघालेल्या आईबाबांचं तिकीट मुलाच्या पॉइंट्सवर असेल तर त्या दिवसांत मुलाने फोन बंद ठेवू नये.

मघाशी म्हटलं की नुकसान दुसऱ्याच जागी होतं. ते मुदतीत होतं. क्रिसफ्लायरचे माइल्स मिळाल्यापासून 36 महिन्यांनी संपतात. समजा सर्वांत जुने माइल्स मार्चमध्ये संपणार होते, तुम्ही फेब्रुवारीत त्यांवर ऑगस्टचं तिकीट काढलंत, आणि जूनमध्ये रद्द केलंत. फी भरलीत, कर परत आले, पण ते माइल्स परत येत नाहीत, कारण मधल्या काळात त्यांची मुदत सरली. तिकिटात अडकलेले असताना त्यांचं घड्याळ थांबत नाही. अशा माणसाने रद्द न करता तारीखच बदलावी, तिकिटाची मुदत असेल तितकी पुढे. तिकीट काढण्याआधी खात्यात कुठले माइल्स कधी संपणार आहेत ते पाहायला दोन मिनिटं लागतात.

याचाच सख्खा भाऊ म्हणजे कार्डाचे पॉइंट्स. ते बँकेकडून विमान कंपनीच्या योजनेत एकदा पाठवले की बँकेत परत येत नाहीत, तिकीट रद्द केलं तरी नाहीत. बँकेत असतानाचे पॉइंट्स कुठेही जाऊ शकतात, कंपनीत गेल्यावर त्या एका घरात अडकले. म्हणून जागा दिसल्याशिवाय पॉइंट्स पाठवायचे नाहीत. "रद्द केलं तर माइल्स राहतील की पडून" हा दिलासाही मला मान्य नाही. तेच तिकीट पुढच्या वर्षी जास्त माइल्सना मिळतं, असं पुन्हा पुन्हा झालंय. आणि आपण किंगफिशर 2012 मध्ये आणि जेट 17 एप्रिल 2019 ला थांबलेली पाहिली आहे. ठाणे-मुलुंड-वाशीच्या किती घरांनी त्या कंपन्यांचे पॉइंट्स पुढच्या सुट्टीसाठी राखून ठेवले होते! पडून राहिलेल्या माइल्सना व्याज लागत नाही. रद्द केलंत तर लगेच पुढचा प्रवास आखायला घ्या.

भागीदार कंपन्यांचा गोंधळ वेगळाच. माइल्स एका योजनेचे, विमान दुसऱ्या कंपनीचं, हे स्टार अलायन्ससारख्या गटांत नेहमी होतं. एअर इंडिया 2014 पासून त्या गटात आहे. अशा तिकिटाला फी आणि नियम ज्या योजनेचे माइल्स कापले गेले तिचे लागतात. विमान ज्या कंपनीचं आहे तिच्या काउंटरवर जाऊन वाद घालण्यात अर्थ नसतो, त्यांच्या हातात ते तिकीटच नसतं.

जाण्याचं आणि येण्याचं तिकीट एकत्र काढावं की वेगळं? तारीख डळमळीत असेल तर मी वेगळं काढायला सांगते. एकत्र तिकिटात जाण्याचा प्रवास झाला की येण्याचा भाग रद्द करून माइल्स मिळणं बऱ्याच ठिकाणी कठीण होतं, आणि नातवंडाजवळ मुक्काम लांबतोच. दोन्ही रद्द झाली तर फी दोनदा भरावी लागते हे खरं, पण तसं क्वचित होतं. चौघं एका पीएनआरवर असतील आणि त्यातली एकटीच जाणार नसेल, तर आधी फोन करून तिचा पीएनआर वेगळा करून घ्यायचा. नाव मात्र बदलत नाही, एकाच्या जागी दुसरा जाऊ शकत नाही.

घाईत चुकीची तारीख घातली गेली, तर पहिल्या दिवसातच हालचाल करा. डीजीसीएने 2016 मध्ये आणलेल्या नियमात तिकीट, प्रवास निदान सात दिवस पुढे असेल तर, 24 तासांत विनाशुल्क बदलण्या-रद्द करण्याची मुभा होती. ती 48 तासांवर नेण्याचा मसुदा नोव्हेंबर 2025 मध्ये निघाला. पॉइंट्सच्या तिकिटांनाही काही कंपन्या अशी मुभा देतात.

सगळ्यात महाग पडतं ते न सांगता न जाणं. विमान सुटून गेलं आणि आपण रद्द केलेलं नव्हतं, तर अनेक योजनांत फी वाढते आणि काहींत माइल्सच जातात. हे मी घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना मुद्दाम सांगते. गायमुखच्या घाटात ट्रक बंद पडला की मुंबईचं विमानतळ किती दूर जातं हे त्यांना सांगायला नको. गाडीत बसल्या बसल्या विमान गाठणं अशक्य आहे असं दिसलं, तर सुटायच्या आत मोबाइलवरून रद्द करा किंवा फोन लावा. जिथे 24 तास आधीची अट आहे तिथे हा उपाय चालत नाही, म्हणून तिथे निघतानाच जास्त वेळ हाताशी ठेवायचा. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं सुटतात, त्यामुळे नेरूळ-खारघरच्या लोकांना आता दोन पर्याय आहेत, पण तिकिटावर कुठलं विमानतळ आहे ते नीट बघा. विमानतळ बदलणं म्हणजे मार्ग बदलणं, आणि मार्ग बदलण्याचे नियम तारखेपेक्षा वेगळे असू शकतात.

आणि कंपनीनेच उड्डाण रद्द केलं किंवा वेळ बरीच सरकवली, तर फी भरू नका. अशा वेळी सगळे माइल्स आणि सगळे कर विनाकपात परत मिळतात, किंवा दुसऱ्या विमानात जागा मिळते. म्हणून जाणं रहित करायचं ठरलंच असेल आणि हातात दिवस असतील, तर आधी बुकिंग उघडून वेळापत्रकात काही बदल झालाय का ते पाहा. झाला असेल तर वेबसाइटवरचं बटण दाबण्याऐवजी फोन करा आणि "तुम्ही वेळ बदललीत म्हणून" असं स्पष्ट सांगून परतावा मागा. बटण दाबलं तर कधीकधी यंत्रणा ते आपणहून रद्द केलेलं धरते आणि फी कापून मोकळी होते.