एसआरटी ५३ : तयारी उताराची

सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्रा, म्हणजे आमच्या बोलण्यातली एसआरटी : या तीन किल्ल्यांवरून जाणारी लांब पल्ल्याची डोंगरी धावशर्यत. ५३ किलोमीटरला नाव नोंदवलं असं सांगितलं की लोक चढाचीच चौकशी करतात. मला मात्र उतारांची धास्ती होती. चढावर बहुतेक जण चालतातच, हात मांड्यांवर टेकून, श्वास सांभाळत. दम लागला तर क्षणभर थांबता येतं. पण सिंहगड उतरतानाच मांड्या गेल्या, तर राजगड आणि तोरणा कशाच्या जोरावर चढायचे?

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी अंगाचं सगळं वजन पेलून धरत असतो. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. पण एकदा असा मार सोसला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तो पहिल्याइतका दुखत नाही. माझं सरावाचं वेळापत्रक मी या एकाच गोष्टीवर बेतलं.

आठवड्यात मधल्या दिवशी पुण्यातली वेताळ टेकडी आणि रविवारी पहाटे पायथ्याच्या आतकरवाडीहून सिंहगड. वर जाताना झपझप चालायचं, वर पोहोचलं की घोटभर पाणी, आणि लगेच पळत खाली. खाली आलं की पुन्हा वर. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवर वेग वाढवायचा मोह टाळला. खरी शिकवणी पाऊस सरल्यावर सुरू होते, कारण तेव्हा मुरूम सुकतो आणि वाटेवर घसारा तयार होतो. कडक जमिनीवर सुटे खडे म्हणजे सायकलच्या चाकातले छर्रे सांडल्यासारखंच. तिथे भीतीने अंग मागे टाकलं की टाच सटकते. म्हणून गुडघे किंचित वाकवलेले, अंग जरासं पुढे, पावलं छोटी आणि भराभर, नजर पायाशी न ठेवता तीन-चार पावलं पुढे. हे अंगवळणी पडायला मला धावण्यापेक्षा जास्त वेळ लागला. वाळून आडवं पडलेलं गवत तर दगडापेक्षा निसरडं असतं, त्यावर पाय तिरका ठेवायचा.

बुटांचं सांगायलाच हवं. तळाला खोल खाचा असलेले आणि नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या, कारण उतारावर बोटं पुढे जाऊन आदळतात आणि नखं काळी पडतात. डोक्यावरच्या दिव्याची सवय मी कात्रज-सिंहगडच्या रात्रीच्या वाटेवर करून घेतली. तिथे एकामागून एक टेकड्या चढायच्या-उतरायच्या असतात, त्यामुळे अंधारातला घसाराही कळतो. पोटालाही सराव दिला : खजूर, शेंगदाण्याची चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. नुसतंच पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, म्हणून एका बाटलीत कायम मीठ-साखर-लिंबू. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या साधारण तीन आठवडे आधी केला, मग पायांना मोकळं सोडलं.

शर्यतीच्या दिवशी सिंहगड हळूच चढले. मागून येणारे पुढे गेले, जाऊ दिलं. गडाच्या कल्याण दरवाज्यातून बाहेर पडल्यावर विंझर गावाकडे जाणारी धार लागते, तिथे पाय आपोआप चालायला लागले. डिसेंबर असला तरी उघड्या धारेवर उन्हं चढली की सावली शोधूनही सापडत नाही. गावात घराच्या ओट्यावर बसलेल्या एका मावशींनी तांब्या पुढे केला. म्हणाल्या, "पी गं बाई, घाई कशापायी? गड काय कुठं जात न्हाई." पाणी प्यायले, टोपी भिजवली आणि निघाले.

राजगडाच्या चढाने सगळ्यांनाच गप्प केलं. तिथल्या संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी मी याआधी निवांत पाहिली होती, पण थकल्या पायांनी तिच्या कडेने जाताना ती बांधणाऱ्या हातांबद्दल मनात जे आलं ते निवांतपणी कधी आलं नव्हतं. हे डोंगर ज्यांनी रोज तुडवले, त्यांच्या वाटेवर आपण एक दिवस धावतोय याची मला फार कृतज्ञता वाटते.

राजगडाच्या आळू दरवाज्याखालचा उतार सर्वांत वाईट. तीव्र आणि घसाऱ्याचा. सिंहगडावर मला मागे टाकून गेलेले काही जण इथे बाजूला बसून मांड्या चोळत होते. मी छोटी पावलं टाकत खाली आले. मांड्या थरथरत होत्या, पण ऐकत होत्या. पुढे तोरण्याकडे जाणाऱ्या धारेवर कारवीच्या झुडपांतून सावली मिळाली, आणि तोरण्याच्या बुधला माचीकडे चढताना प्रथमच वाटलं की आपण पोचणार.

तोरण्याच्या बिनी दरवाज्यातून पायथ्याच्या वेल्ह्याकडे उतरताना रेलिंग जवळच होतं, धरावं लागलं नाही. शेवटच्या सपाटीवर तर मी चक्क पळत होते. शर्यत संपवून पिठलं-भाकरी खाल्ली, ताक प्यायले आणि पाय पसरून बसले.

आता मैत्रिणीने ११ किलोमीटरला नाव नोंदवलंय. येत्या रविवारी तिला आतकरवाडीला घेऊन जाते आहे. वर जायला किती वेळ लागला ते बघणार नाही, खाली कशी येते ते बघणार आहे.