दंडाच्या ओळीपाशी

सयाजीरावांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्यावर मी साडेतीनशे शब्दांचा उतारा बेतला होता. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या रविवारच्या वर्गातली मुलं शाळेत गुजराती किंवा इंग्रजीतून शिकतात. मराठी घरात बोलतात, वाचत नाहीत. 'वाचून या' म्हटलं की आधी खालचे प्रश्न बघायचे आणि जुळणारी ओळ उतरवायची, ही सवय पक्की. यालाच शाळेत आकलन म्हणतात, याचा मला मनापासून राग येतो.

म्हणून मी उतारा कापते. तीन तुकडे, तीन कागदांवर. पुढचा कागद हातात नसला की डोळा पुढे पळत नाही. परिच्छेद संपतो तिथे कापायचं नाही, मजकूर वळण घेण्याच्या एक वाक्य आधी कापायचं. मग दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. पुढे काय येईल ते पेन्सिलीने एका वाक्यात लिहायचं आणि ज्या शब्दावरून तसं वाटलं, त्याखाली रेघ मारायची. आधीच कोणी बोललं तर हुशार मुलाचा अंदाज अख्ख्या वर्गाचा होतो. चुकलेला अंदाज खोडायचा नाही. वाचन-शिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक रसेल स्टॉफर यांनी १९६९ च्या पुस्तकात अंदाज, वाचन, पडताळा हाच क्रम मांडला होता; त्यातून पुरावा वगळला की नुसता तुक्का उरतो.

त्या रविवारी दुसरा तुकडा संपला तो असा: मुलं शेतात कामाला जात, म्हणून काही पालक त्यांना शाळेत पाठवेनात. बहुतेकांनी 'राजा रागावला' लिहिलं. एकाने 'शेतात'खाली रेघ मारली आणि लिहिलं, 'राजाने मजुरीचे पैसे दिले असतील.'

तिसऱ्या कागदावर होता दंड, मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना.

कोणी न सांगता तो मुलगा मागच्या कागदाकडे वळला, 'शेतात'वर बोट ठेवलं. "बाई, मजुरी बुडाली, वर दंड. तो भरला कुठून?"

प्रश्नांचे तीन प्रकार मी शिकवते: एका ओळीत उत्तर असणारे, दोन ओळी जोडून सुटणारे, उताऱ्याबाहेर नेणारे. मुलं महिनोन्‌महिने पहिल्यातच अडकतात. हा तिसऱ्या प्रकारचा, तोही दोन ओळी जोडून निघालेला. आणि मी लगेच सक्तीमागचा हेतू समजावायला लागले. पेन्सिली खाली पडल्या, सगळे माझ्याकडे बघायला लागले. दोन मिनिटांचा नियम मी मुलांना लावते, स्वतःला लावला नाही.

प्रश्न मी तक्त्यावर उतरवून ठेवला आहे. येत्या रविवारी चौथा कागद कोरा देणार आहे, त्यावर फक्त तेवढाच प्रश्न.