लक्झेंबर्ग नक्की कशावर जगतं?

बेल्जियमच्या आग्नेय टोकाला मार्टेलांज म्हणून एक गाव आहे. गावातून हमरस्ता जातो. रस्त्याच्या एका बाजूला बेल्जियमची साधी घरं आणि दुसऱ्या बाजूला ओळीने पेट्रोल पंप, एक संपला की लगेच पुढचा. एवढ्याशा गावाला इतके पंप कशाला, तर ती दुसरी बाजू लक्झेंबर्गची आहे म्हणून. रस्ता ओलांडला की देश बदलतो आणि डिझेलवरचा टॅक्सही बदलतो. मग बेल्जियन माणूस येतो, टाकी फुल करतो, जाताजाता सिगारेटी, दारूच्या बाटल्या, कॉफीची पाकिटं घेतो आणि परत आपल्या देशात, झालं काम.

हा धंदा किरकोळ वाटेल पण नाहीये. लक्झेंबर्गमध्ये जेवढं पेट्रोल-डिझेल विकलं जातं त्यातलं बरंचसं तिथे न राहणारे लोकच भरून नेतात, त्यात लांब पल्ल्याचे ट्रकवाले तर आलेच. आणि कार्बनचा हिशोब इंधन जिथे विकलं तिथे धरतात, जळलं कुठे ते बघत नाहीत, त्यामुळे दरडोई उत्सर्जनाच्या युरोपीय याद्यांमध्ये हा चिमुकला देश कायम वरच्या नंबरांत. 2021 पासून त्यांनी कार्बन टॅक्स लावलाय आणि तो हळूहळू वाढवतायत. एकदम वाढवणार नाहीत हे उघड आहे, पिकणारं शेत कोण स्वतःहून नांगरून टाकेल?

मला ह्या देशाचं कुतूहल वाटतं ते याचसाठी. लक्झेंबर्ग म्हटलं की लोक म्हणतात श्रीमंत देश, बँका, टॅक्स वाचवणाऱ्या कंपन्या, विषय संपला. पण इतिहास बघत गेलं की दिसतं, ह्यांच्याकडे विकायला फारसं काही कधी नव्हतंच. जे होतं ते दर पिढी-दोन पिढ्यांनी हातातून गेलं किंवा कोणीतरी काढून घेतलं, आणि दरवेळी ह्यांनी दुसरं काहीतरी शोधलं. शेवटी तर चक्क आपली सीमा आणि आपले कायदे हेच विकायला काढले.

क्षेत्रफळ 2,586 चौरस किलोमीटर, उत्तर-दक्षिण 82 किलोमीटर, पूर्व-पश्चिम 57, समुद्र नाही. बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनी तीन बाजूंनी घेरून बसलेत. उत्तरेचा तिसरा हिस्सा म्हणजे ओसलिंग, आर्देनचा डोंगराळ भाग, जंगलं, खोल दऱ्या, हलकी जमीन. सगळ्यात उंच ठिकाण क्नाइफ, फक्त 560 मीटर, त्यामुळे डोंगर म्हणताना जरा बेतानेच म्हणावं. खाली गुटलांड, तिथली जमीन बरी आणि बहुतेक लोकही तिथेच. पूर्वेला मोझेल नदी, तिच्या उतारावर द्राक्षमळे. ह्या नदीची एक भारी गोष्ट आहे. सीमेवरच्या नदीत साधारण मधोमध रेघ मारतात ना, इथे तशी रेघच नाही, 1816 पासून सीमेवरचं सगळं पाणी दोघांचं सामायिक, म्हणजे आज पुलावर उभं राहिलात तर एकाच वेळी जर्मनीतही असता आणि लक्झेंबर्गमध्येही. देशादेशांमधली सीमेवरची तपासणी काढून टाकणारा 1985 चा शेंगेन करार झाला तो ह्याच नदीत, बोटीवर. शेंगेन हे काठावरचं छोटंसं वाइनवाल्यांचं गाव, फ्रान्सची हद्द तिथून हाकेच्या अंतरावर. आपण व्हिसाच्या फॉर्मवर ज्याचं नाव लिहितो ते गाव हे.

सुरुवात मात्र एका खडकापासून झाली. 963 मध्ये सिगफ्रीड नावाच्या सरदाराने ट्रियरच्या मठाशी जमिनीची अदलाबदल करून बॉक नावाचा खडक मिळवला आणि तिथे गढी बांधली. खाली आल्झेट नदी तीन बाजूंनी वळसा घालते, कडे सरळसोट. एवढी मोक्याची जागा म्हटल्यावर सगळ्यांचाच डोळा. 1443 मध्ये बर्गंडीवाल्यांनी घेतली, पुढे स्पॅनिश, फ्रेंच, ऑस्ट्रियन, परत फ्रेंच, मग प्रशियन (प्रशिया म्हणजे तेव्हाचं एक मोठं जर्मन राज्य), आणि जो आला त्याने बांधकाम वाढवलं. 1684 मध्ये फ्रेंचांनी वेढा घालून शहर घेतलं तेव्हा वेढा फ्रेंचांचा किल्लेबांधणीतला नामांकित इंजिनियर वोबाँ ह्यानेच चालवला होता आणि नंतर तोच किल्ला मजबूत करायलाही बसला. खडकाच्या पोटात 23 किलोमीटर भुयारं खणली गेली, त्यातली 17 अजून आहेत. ह्याला उत्तरेचं जिब्राल्टर म्हणायचे. शहराचं पोट शेकडो वर्षं परक्या सैन्यावर चाललं असं म्हणायला हरकत नाही.

हा किल्लाच देशाच्या मुळावर यायला आला होता. 1815 मध्ये व्हिएन्नात युरोपची वाटणी झाली तेव्हा लक्झेंबर्गला ग्रँड डची, म्हणजे राजाऐवजी ग्रँड ड्यूकच्या गादीचं राज्य, केलं, पण दिलं नेदरलँड्सच्या राजाला, ठेवलं जर्मन संघात आणि किल्ल्यात बसवलं प्रशियाचं सैन्य, म्हणजे घर एकाचं, चाव्या दुसऱ्याकडे आणि राहणार तिसराच. 1830 मध्ये बेल्जियमने बंड केलं, त्यात लक्झेंबर्गचाही बहुतेक भाग सामील झाला आणि 1839 मध्ये अर्ध्याहून जास्त देश बेल्जियमला गेला. आजही बेल्जियममध्ये लक्झेंबर्ग नावाचा प्रांत आहे आणि तो ह्या देशापेक्षा बराच मोठा आहे! उरलेलं पुढे 1867 मध्ये डच राजा फ्रान्सच्या सम्राटाला, तिसऱ्या नेपोलियनला, विकायलाच निघाला होता. प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क भडकला, युद्ध होतं की काय अशी वेळ आली, शेवटी लंडनमध्ये करार झाला की देश तटस्थ राहील, प्रशियाने सैन्य काढायचं आणि किल्ला पाडायचा. पाडायला 16 वर्षं लागली. भुयारं पाडली असती तर वरचं शहरच कोसळलं असतं म्हणून बरीचशी तशीच राहिली, तोंडं बुजवली फक्त. 1890 मध्ये डच राजा वारला, गादीवर मुलगी आली, इथे मात्र घराण्याच्या करारात पुरुष वारसाच चालत होता, त्यामुळे ग्रँड ड्यूक दुसऱ्या शाखेतून आणला आणि देश एकदाचा वेगळा झाला.

किल्ला गेला आणि हातात राहिली गरीब शेती. 19व्या शतकात इथून हजारो लोक अमेरिकेला गेले, शिकागोकडे वगैरे. हे आज सांगितलं तर कोणाला पटणार नाही.

मग लोखंड. दक्षिणेला फ्रान्सच्या सीमेलगत मिनेट नावाचं खनिज भरपूर होतं, पण त्यात फॉस्फरस जास्त, त्याचं पोलाद ठिसूळ व्हायचं, त्यामुळे असून नसल्यासारखं. 1879 मध्ये इंग्लंडमध्ये टॉमस आणि गिलख्रिस्ट ह्या चुलतभावांची पद्धत यशस्वी झाली, भट्टीला आतून चुन्याच्या जातीचं अस्तर दिलं की फॉस्फरस वितळलेल्या धातूवरच्या मळीत उतरतो. लक्झेंबर्गवाल्यांनी त्याच वर्षी लायसन्स घेतलं. आणि ती फॉस्फरसवाली मळी? दळून खत म्हणून शेतात. ज्या फॉस्फरसने पोलाद बिघडवलं होतं तोच आता शेतांना मिळाला, मला ह्या सगळ्या कहाणीत हा तुकडा सगळ्यात जास्त आवडतो. 1911 मध्ये आर्बेड ही कंपनी उभी राहिली, इटलीहून मजूर आले, नंतर पोर्तुगालहून आले आणि एश-सुर-आल्झेट हे खेडं कारखान्यांचं शहर झालं.

युद्धाचं थोडक्यात सांगतो. 1940 मध्ये जर्मनांनी देश गिळला आणि तुम्ही जर्मनच आहात असं लोकांच्या गळी उतरवायला लागले. ऑक्टोबर 1941 मध्ये खानेसुमारी काढली, त्यात नागरिकत्व, मातृभाषा आणि वंश असे तीन रकाने होते. लोक तिन्हीत लक्झेंबर्गच लिहितायत असं सुरुवातीच्या तपासणीत दिसल्यावर ती खानेसुमारी रद्दच करावी लागली. पुढच्या वर्षी सक्तीची लष्करभरती आली तेव्हा विल्ट्झ गावापासून देशभर संप झाला आणि जर्मनांनी 21 जणांना ठार केलं.

पोलादाचा चढता काळ साधारण 1974 पर्यंत. तेव्हा पंचवीसेक हजार लोक ह्या धंद्यात होते, एवढ्याशा देशात. मग मंदी आली आणि भट्ट्या एकेक करून विझल्या. शेवटची एशमधल्या बेलव्हालची, 1997 मध्ये. तिथल्या तीनपैकी एक झोतभट्टी तर चीनला विकली, सुटी करून, पुन्हा जोडायला. उरलेल्या दोन जागच्या जागी उभ्या आहेत, गंजाच्या रंगाच्या, पाइपांचं जंजाळ आकाशात घुसलेलं आणि बरोबर त्यांच्या पायथ्याशी विद्यापीठाच्या काचेच्या इमारती. आर्बेडची पुढे आर्सेलोर झाली आणि 2006 मध्ये लक्ष्मी मित्तलांनी ती घेतली. लक्झेंबर्गचं सरकार आधी ह्या सौद्याच्या विरोधात होतं, आर्सेलोरमित्तलचं मुख्यालय मात्र अजून तिथेच आहे.

आता गंमत बघा, पोलाद बुडालं तेव्हा पुढचा धंदा आधीच अंगणात उभा होता. 1929 मध्येच होल्डिंग कंपन्यांना, म्हणजे नुसते दुसऱ्या कंपन्यांचे शेअर धरून बसणाऱ्या कंपन्यांना, टॅक्सची सवलत देणारा कायदा केला होता. 1933 मध्ये रेडिओ लक्झेंबर्ग सुरू झाला, ब्रिटनमध्ये बीबीसीवर जाहिराती चालत नव्हत्या तर हे लोक लक्झेंबर्गमधून ताकदवान ट्रान्समीटर लावून इंग्रजीत जाहिरातींसकट गाणी ऐकवायचे. हवेतल्या लहरी विकल्या, मार्टेलांजचं डिझेल आणि हे, तर्क एकच, शेजाऱ्याच्या नियमात जिथे फट असेल तिथे आपलं दुकान. 1985 मध्ये एसईएस ही सॅटेलाइट कंपनी त्याच डोक्याने काढली. म्युच्युअल फंडांचा युरोपीय नियम आला तर 1988 मध्ये सगळ्यांच्या आधी तो आपल्या कायद्यात बसवून मोकळे झाले, आज जगात अमेरिकेनंतर फंडांचा सगळ्यात जास्त पैसा इथे नोंदलेल्या फंडांत असतो. ह्याची काळी बाजूही आहेच. 2014 मध्ये लक्सलीक्स बाहेर आलं, मोठमोठ्या कंपन्यांना टॅक्सचे खाजगी सौदे करून दिल्याची कागदपत्रं. मला हे हुशारी म्हणून खपवणं पटत नाही, तो पैसा शेवटी शेजारच्या देशांतल्या शाळा-दवाखान्यांचाच होता. बँकांची गुप्तताही त्यांनी दबाव आल्यावरच सोडली.

2017 मध्ये तर लघुग्रहांवरच्या खनिजांवर खाजगी कंपन्यांना हक्क देणारा कायदा केला, युरोपात पहिला. एका अमेरिकन कंपनीत सरकारने 1 कोटी 20 लाख युरो घातले होते, ते बुडाले. पण कायदा आहे तसाच आहे.

दरडोई जीडीपीत हा देश जगात वर दिसतो, त्यात एक मेख आहे. रोज सकाळी दोन लाखांहून जास्त लोक फ्रान्स, जर्मनी, बेल्जियममधून इथे कामाला येतात आणि संध्याकाळी घरी जातात. त्यांची कमाई जीडीपीत मोजली जाते, डोकी मात्र लोकसंख्येत नाहीत. भागाकार फुगणारच! 29 फेब्रुवारी 2020 पासून बस, ट्राम, ट्रेन सगळं फुकट केलंय (ट्रेनचा फर्स्ट क्लास सोडून), तरी ह्या लोकांच्या गाड्यांनी सकाळी हायवे तुंबलेलेच असतात, कारण फुकट प्रवास सीमेपाशी संपतो. आणि हे लोक पलीकडे राहतात ते काही हौस म्हणून नाही, घरांच्या किमती इतक्या चढल्यात की आता तिथली स्थानिक पोरंसुद्धा जर्मनीच्या बाजूला घर घेऊन रोज परत येतात.

देशात राहणाऱ्या पावणेसात लाखांच्या आसपास लोकांत जवळपास निम्मे परदेशी, त्यात पोर्तुगीज सगळ्यात जास्त. म्हणून 2015 मध्ये सार्वमत घेतलं, दीर्घकाळ राहणाऱ्या परदेशी लोकांना संसदेसाठी मत द्यायचा हक्क द्यावा का. 78 टक्के लोकांनी नाही सांगितलं. त्यानंतर नागरिकत्वाचे नियम जरा सैल केले, पाच वर्षं राहा, लक्झेंबर्गिश भाषेची परीक्षा द्या. आणि त्याच काळात आणखी एक सोय चालू होती, ज्यांचा कोणी पूर्वज 1 जानेवारी 1900 ला लक्झेंबर्गचा नागरिक होता त्यांना भाषा येवो न येवो, तिथे राहोत न राहोत, पासपोर्ट मागता यायचा. अर्जांची मुदत 2018 अखेर संपली तोवर हजारो ब्राझिलियन आणि अमेरिकन लोक लक्झेंबर्गचे नागरिक होऊन गेले होते, ज्यांचे खापरपणजोबा उपाशी पोटी देश सोडून गेले होते ते.