घरी बांधलेली पीसीबी एचिंगची टाकी: माझा अनुभव

एचिंग म्हणजे पीसीबीवरचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डावरचे, नको असलेले तांबे द्रावणात विरघळवून काढणे. ट्रेमध्ये एचिंग करताना बोर्डाच्या कडेचे तांबे आधी जाते आणि मधले तसेच राहते. मधले जाईपर्यंत ट्रे हलवत बसावे, तर तोवर कडेच्या ट्रॅकखाली, म्हणजे ठेवायच्या तांब्याच्या रेषांखाली, द्रावण शिरते. तांब्याचा थर असतो जेमतेम ३५ मायक्रॉनचा, पण द्रावण जसे खाली खाते तसे बाजूनेही खाते. एक मिलिमीटर रुंदीच्या ट्रॅकला त्याने काही फरक पडत नाही, ०.२ मिलिमीटरचा ट्रॅक मात्र जास्त वेळ बुडाला की तुटतोच. म्हणून मी उभी टाकी बांधायला घेतली. एचिंग झटपट व्हावे हा हेतू नव्हता. चारही कोपऱ्यांतले आणि मधले तांबे एकाच सुमारास संपावे, एवढेच मला हवे होते.

आधी द्रावण ठरवले, कारण बाकी सगळे त्यावर अवलंबून असते. फेरिक क्लोराइड भरवशाचे आहे, पुष्कळ दिवस टिकते, पण इतके गडद असते की आतला बोर्ड दिसत नाही, आणि जिथे सांडेल तिथे पिवळट तपकिरी डाग कायमचा. मी सोडियम परसल्फेट घेतले. लिटरभर पाण्याला साधारण २०० ग्रॅम. द्रावण पाण्यासारखे नितळ राहते, तांबे विरघळत जाईल तसे निळे होते. काम चालू असताना बोर्ड डोळ्यांसमोर असणे मला फार मोलाचे वाटते. ही पूड मात्र ऑक्सिडायझर आहे, म्हणजे इतर वस्तूंच्या जळण्याला जोर देते. कागद, लाकडाचा भुसा यांच्यापासून ती लांब ठेवायची, आणि तिची धूळ श्वासातून जाऊ द्यायची नाही. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय मी डबा उघडत नाही.

टाकी ५ मिलिमीटर जाडीच्या काचेची केली. अ‍ॅक्रेलिकही चालते, पण ते सॉल्व्हंटने चिकटवावे लागते. सिलिकॉन काचेला जसे धरते तसे अ‍ॅक्रेलिकला धरत नाही. आतली रुंदी ३० सेंटीमीटर, द्रावणाची उंची २२ आणि जाडी फक्त ४. म्हणजे अडीच लिटरपेक्षा थोडे जास्त द्रावण. टाकी अरुंद आहे म्हणून काचेवरचा दाब कमी होईल असे वाटते, पण तसे नसते. दाब ठरतो उंचीवर. नुसते पाणी भरले तरी मोठ्या काचेवर ७ किलो वजनाइतका रेटा येतो. त्यामुळे सांध्यांत आतून सिलिकॉनची सलग पट्टी ओढली आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत टाकीला हात लावला नाही. मग काठोकाठ पाणी भरून ती रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवली. कागद सकाळी कोरडा होता.

सगळ्यात जास्त वेळ बुडबुड्यांनी द्रावण ढवळणाऱ्या हवेच्या नळीने खाल्ला, आणि तो द्यायलाच हवा होता. एअरस्टोनमधून (फिश टँकमधल्या सच्छिद्र दगडातून) बुडबुडे एकाच जागी उसळतात. मला पूर्ण रुंदीभर पडदा हवा होता. कडक प्लॅस्टिकची बारीक नळी घेतली, एक टोक बंद केले आणि बोर्डाला भोके पाडायच्या ०.८ मिलिमीटरच्याच ड्रिलने तिला सेंटीमीटरभर अंतरावर छिद्रे पाडली. पाण्यात सोडली तर अर्ध्याच छिद्रांतून हवा येत होती. फिश टँकच्या छोट्या पंपाचा जोर बेताचाच असतो, त्यामुळे जे छिद्र किंचित वर असेल तिथूनच हवा निघून जाते. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा उतारही पुरतो. नळीखाली प्लॅस्टिकचे पातळ तुकडे सरकवत सरकवत ती अगदी समतल केली. बंद टोकाकडे तरीही बुडबुडे विरळ होते, म्हणून ते टोक उघडून दोन्हीकडून हवा दिली. तेव्हा कुठे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखा पडदा उभा राहिला. हे सगळे साध्या पाण्यात करून घ्यावे. द्रावण भरल्यावर नळीशी खेळणे नको.

पंप द्रावणाच्या पातळीपेक्षा उंच ठेवला आहे आणि नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) आहे. वीज गेली की द्रावण नळीतून उलटे पंपात उतरू शकते.

गरम करण्याचा प्रश्न जरा वेगळा. परसल्फेटला ४० ते ५० अंश सेल्सिअस लागतात आणि माशांसाठीचे हीटर बहुधा ३४च्या आसपासच थांबतात. मी थर्मोस्टॅट नसलेला, काचेच्या नळीतला १०० वॅटचा हीटर तळाशी आडवा ठेवला आणि बाहेर वेगळा टेम्परेचर कंट्रोलर लावला. त्याच्या सेन्सरला स्टीलची टोपी असते, ती द्रावणात टिकणार नाही. म्हणून सेन्सर परीक्षानळीत घालून ती नळी टाकीत सोडली. कंट्रोलर ४५वर लावतो. त्याहून फार वर गेले तर परसल्फेट आपोआपच विघटित होत राहते. हीटर द्रावणात पूर्ण बुडालेला असल्याशिवाय सुरू करायचा नाही, आणि टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा. जोडणी अर्थ लीकेज ब्रेकरमधूनच (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे.

बोर्ड धरायला प्लॅस्टिकची खाचा पाडलेली चौकट केली. धातूचा चिमटा टाकीत जाताच कामा नये.

आता बोर्ड सोडला की मिनिटाभरात तांब्याची चमक जाऊन ते फिकट गुलाबी, निस्तेज होते. ही खूण मी नेहमी बघतो. एखादा ठिपका चमकतच राहिला, तर तिथे तेलाचा अंश किंवा फोटोरेझिस्टचा (ट्रॅक झाकणाऱ्या प्रकाशसंवेदी थराचा) पापुद्रा उरलेला असतो. बोर्ड लगेच काढून, धुऊन तेवढी जागा साफ करता येते. ट्रेमध्ये, गडद द्रावणात, हे शेवटी कळायचे. मग काचेमागे दिवा धरला की तांबे गेलेल्या जागेतून फायबरग्लास उजळू लागतो. पहिल्यापेक्षा आता हा उजेड बोर्डभर जवळजवळ एकदमच येतो, आणि ०.२ मिलिमीटरचे ट्रॅक अखंड निघतात.

वापरलेल्या निळ्या द्रावणात कॉपर सल्फेट असते. ते जलचरांना घातक आहे, त्यामुळे मोरीत अजिबात ओतायचे नाही. मी ते प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये, नाव आणि तारीख लिहून साठवतो आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडे देतो. कॅनचे झाकण घट्ट लावत नाही, कारण उरलेले परसल्फेट ऑक्सिजन सोडत राहते आणि बंद कॅन फुगून फुटू शकतो.